भाषांतर, परीक्षण आणि कादंबरी : जॉर्ज एलियटची वाङ्मयीन वाटचाल

१

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांच्या पंक्ती बसविण्याची एक रूढ पद्धत आहे. कवी, नाटककार व कादंबरीकार ह्यांची पाने वरच्या पंगतीत मांडली जातात. टीकाकाराला त्यांच्या खालोखाल जागा मिळते. आणि भाषांतरकार बिचारा वाढप्यांत जमा होतो. त्याने वाढलेले सर्वांना हवे असते, परंतु त्याचे नाव विचारण्याचे स्मरण कोणास राहत नाही. ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने केलेली असली म्हणजे चरित्रकारांची मोठी सोय होते. पहिली दोन कामे ते ‘उमेदवारीचा काळ’ ह्या मथळ्याखाली थोडक्यात आटोपतात आणि मग सुटकेचा निःश्वास टाकून खऱ्या लेखकाकडे वळतात.

ही वाटणी कितपत न्याय्य आहे, हे एका थोर लेखिकेच्या उदाहरणावरून तपासून पाहावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे. जॉर्ज एलियट ह्या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरियन इव्हान्सची (१८१९–१८८०) ‘सायलस मार्नर’ ही छोटेखानी कादंबरी इंग्रजीच्या शिक्षकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. ‘मिडलमार्च’ ही मोठी कादंबरी निदान नावाने सर्वांना ठाऊक आहे. परंतु वयाच्या सदतिसाव्या वर्षी पहिली कथा लिहावयास बसण्यापूर्वी ह्या बाईंनी जर्मन भाषेतील दोन अवघड ग्रंथ इंग्रजीत आणले होते, लॅटिनमधील तिसऱ्याचे भाषांतर पुरे करून ठेवले होते, इंग्लंडातील एका अग्रगण्य त्रैमासिकाचे संपादन नावाविना केले होते आणि ग्रंथपरीक्षणांवर आपला चरितार्थ चालविला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सांगितली गेली तरी तिचा कादंबऱ्यांशी संबंध जोडला जात नाही.

ह्यात आणखी एक नवल आहे. तिचे पहिले भाषांतर निनावी निघाले. तिची परीक्षणे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे निनावी होती. तिच्या कथा-कादंबऱ्यांवर टोपणनाव होते. तिचे स्वतःचे नाव ज्या एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले, ते पुस्तक जर्मनमधून केलेले भाषांतर होते. ज्या कामाला जग सर्वांत हलके लेखते, त्याच कामाखाली तिची सही आहे. हा योगायोग आम्हास अर्थपूर्ण वाटतो.

२

मेरी ॲन इव्हान्सचा जन्म २२ नोव्हेंबर १८१९ रोजी इंग्लंडच्या मध्यभागी, वॉरिकशायर परगण्यातील आर्बरी येथे झाला. ‘मेरियन’ हे रूप तिने पुढे स्वीकारले. वडील रॉबर्ट इव्हान्स हे मूळचे सुतार. कर्तबगारीच्या बळावर ते एका मोठ्या जमीनदाराच्या इस्टेटीचे कारभारी झाले होते. १८३६ साली आई वारल्यावर शाळा सुटलेल्या ह्या मुलीच्या अंगावर घरचा सारा कारभार पडला. लोणी काढणे, मुरंबे घालणे आणि त्याच घरात शिक्षकाकडून इटालियन व जर्मन शिकणे, असा तिचा दिनक्रम होता. विद्यापीठांची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. जी विद्या तिने मिळविली ती घरबसल्या, आणि तीही स्वयंपाकघर व दूधदुभते सांभाळून.

१८४१ मध्ये वडिलांबरोबर ती कॉव्हेंट्री शहराजवळ राहावयास गेली. तेथे चार्ल्स ब्रे हा रिबिनींचा कारखानदार, त्याची पत्नी कॅरा आणि तिची बहीण सारा हेनेल ह्या स्वतंत्र विचारांच्या मंडळींशी तिचा स्नेह जमला. धर्मश्रद्धेत वाढलेल्या ह्या मुलीने जानेवारी १८४२ मध्ये वडिलांबरोबर चर्चमध्ये जाण्याचे नाकारले. घरात कलह माजला. काही महिन्यांनी तडजोड झाली : तिने चर्चमध्ये जावे, तेथे बसून काय विचार करावा हे तिचे तिने ठरवावे. पुढे वर्षानुवर्षे तिने जे लिहिले त्याचे बीज ह्या तडजोडीत आहे, असे आम्हास वाटते. मनातील सत्य सोडावयाचे नाही आणि ज्यांच्याशी आपले नाते आहे त्यांचे मनही मोडावयाचे नाही, ही तारेवरची कसरत तिच्या प्रत्येक नायिकेच्या वाट्याला आली आहे.

डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस ह्या तरुण जर्मन विद्वानाने १८३५–३६ मध्ये येशूचे चरित्र चिकित्सकपणे तपासणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यापायी त्यास ट्यूबिंगेन येथील आपली अध्यापकाची जागा गमवावी लागली. बायबलातील चमत्कार अक्षरशः घडले, असे श्रद्धावान मानीत; त्यांच्या मुळाशी काही साध्या नैसर्गिक घटना असाव्यात, असा बुद्धिवाद्यांचा तर्क असे. श्ट्राउसने दोघांनाही दूर सारून म्हटले की, ह्या कथा म्हणजे आदिम ख्रिस्ती समाजाच्या मनात नकळत घडलेली पुराणे होत. हे भाषांतर प्रथम रूफा ब्रॅबंट ह्या विदुषीने हाती घेतले होते. तिचे लग्न झाल्यावर १८४४ च्या आरंभी ते काम चोवीस वर्षांच्या मेरी ॲनकडे आले.

मूळ ग्रंथ सुमारे पंधराशे पानांचा. ठायी ठायी ग्रीक, लॅटिन व हिब्रू अवतरणे. सारा हेनेल मुळाशी ताडून मजकूर तपासीत असे. दोन वर्षांहून अधिक काळ हे काम चालले, आणि अखेरच्या भागात भाषांतरकर्त्रीस अक्षरशः शीण आला. कारण श्रम हे नव्हते. ज्या क्रूसारोहणाच्या कथेवर लहानपणी जीव जडला होता, तिचे एकेक अंग सोडवून तपासणे तिच्या जिवावर येई. कॅरा ब्रे हिने एका पत्रात लिहून ठेवले आहे की, टेबलाजवळची ख्रिस्ताची छोटी मूर्ती व एक चित्र ह्यांकडे पाहूनच ती ह्या काळात तग धरू शकली. टॉरवाल्सन ह्या शिल्पकाराच्या पुतळ्याची ती प्रतिकृती होती.

हे दृश्य आम्हास फार महत्त्वाचे वाटते. समोर मूर्ती आणि हाताखाली तिची चिकित्सा. लेखिकेची बुद्धी श्ट्राउसबरोबर आहे. तिचे मन त्या मूर्तीपाशी आहे. आणि तरीही भाषांतरात एक वाक्य सौम्य करण्याची मुभा तिला नाही. जे पटते ते निर्विकारपणे मांडणे सोपे. जे पटते पण बोचते ते मूळ लेखकाच्या शब्दाला शब्द लावून मांडणे ह्यात मनाची जी शिस्त लागते, ती दुसऱ्या कोणत्याही लेखनप्रकारात इतकी कठोरपणे लाभत नाही.

जून १८४६ मध्ये जॉन चॅपमनने हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला. श्ट्राउसने ह्या आवृत्तीसाठी लॅटिनमध्ये प्रस्तावना लिहून दिली. भाषांतरकर्त्रीस मोबदला मिळाला वीस पौंड. तिचे नाव पुस्तकावर नव्हते. त्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती.

३

३१ मे १८४९ रोजी वडील वारले. त्यांच्या आजारपणात रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या मुलीला आता स्वतःचे घर उरले नव्हते. काही महिने जिनिव्हात काढून ती परतली आणि १८५१ मध्ये लंडनला चॅपमनच्या ‘१४२, स्ट्रँड’ ह्या वास्तूत राहू लागली. खाली पुस्तकांचे दुकान, वर लेखक-विद्वानांची बिऱ्हाडे, असे ते घर होते. चॅपमनने ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ हे जुने त्रैमासिक विकत घेतले, आणि जानेवारी १८५२ पासून त्याची नवी माला सुरू झाली. संपादक म्हणून नाव चॅपमनचे. लेख मागविणे, तपासणे, कापणे, समकालीन वाङ्मयाचा आढावा जुळविणे आणि मुद्रिते वाचणे हा सारा भार मात्र मेरियन इव्हान्सच्या शिरावर होता. हे काम तिने दोन वर्षांहून अधिक काळ केले.

ह्याच काळात तिने लुडविग फॉयरबाख ह्याच्या ‘ख्रिस्ती धर्माचे सारतत्त्व’ (१८४१) ह्या ग्रंथाचे भाषांतर केले. चॅपमनच्या जाहिरातीत तिच्या नावावर दोन पुस्तके होती : हे भाषांतर, आणि परलोकाच्या कल्पनेवरील तिचा एक स्वतंत्र ग्रंथ. स्वतंत्र ग्रंथ कधीच झाला नाही. भाषांतर मात्र जुलै १८५४ मध्ये ठरल्याप्रमाणे बाहेर पडले, आणि त्यावर ‘मेरियन इव्हान्स’ हे नाव होते.

फॉयरबाखचे म्हणणे थोडक्यात असे. मनुष्य ज्या गुणांची देवाच्या ठायी पूजा करतो ते गुण मनुष्यजातीचेच आहेत. प्रेम, न्याय, करुणा ही देवाची आहेत म्हणून पवित्र नव्हेत. ती स्वतःच पवित्र आहेत, म्हणून आपण ती देवाच्या ठायी कल्पिली. तेव्हा देवत्व काढून घेतल्याने माणसामाणसातील नात्यांचे पावित्र्य उणे होत नाही. उलट ते आपल्या मूळ स्थानी परत येते. विवाहाचे पावित्र्यही बाहेरच्या संस्कारात नाही, दोन माणसांच्या स्वेच्छेने जोडलेल्या प्रेमबंधात आहे, असे तो प्रतिपादन करतो. ग्रंथाच्या शेवटी तर तो स्नान, भाकरी व द्राक्षासव ह्या नित्याच्या गोष्टींनाच मान देण्यास सांगतो. दीक्षाविधीचे पाणी व प्रभुभोजनाची भाकरी ह्यांचा खरा अर्थ, त्याच्या मते, माणसाच्या रोजच्या जीवनात आहे.

श्ट्राउसने तिच्यापासून काहीतरी काढून घेतले होते. फॉयरबाखने त्या रिकाम्या जागी काहीतरी ठेवले. आणि जे भाषांतरिले ते तिने लवकरच स्वतःच्या आयुष्यात उतरविले. जॉर्ज हेन्री लुईस हा बहुश्रुत लेखक विवाहित होता. पत्नीचे दुसऱ्याशी असलेले संबंध त्याने एकदा क्षमापूर्वक स्वीकारले असल्यामुळे त्या काळच्या कायद्याने त्यास घटस्फोट मिळू शकत नव्हता. २० जुलै १८५४ रोजी, फॉयरबाखचे पुस्तक बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते तोच, मेरियन इव्हान्स त्याच्याबरोबर उघडपणे जर्मनीस गेली आणि पुढे त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, ती त्याची पत्नी म्हणूनच राहिली. किंमत जबर होती. संभावित घरांची दारे बंद झाली. तिचा लाडका भाऊ आयझॅक ह्याने १८५७ पासून १८८० पर्यंत तिच्याशी अक्षराचाही व्यवहार ठेवला नाही. ह्या वर्तनाचा कोणी काय निवाडा करावा, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. परंतु भाषांतर म्हणजे दुसऱ्याचा माल इकडून तिकडे पोहोचविणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

ह्या प्रवासात वाटेवर कोलोन येथे तिची श्ट्राउसशी गाठ पडली. ज्याचे शब्दन् शब्द तिने तोलले होते तो ग्रंथकार समोर उभा, आणि बाईंना बोलण्यापुरती जर्मन येईना! भेट अवघडल्यासारखी झाली. ग्रंथभाषा व बोलभाषा ह्यांतील हे अंतर भाषा शिकविणाऱ्या कोणासही नवे नाही. वायमार व बर्लिन येथील पुढील मुक्कामात ही उणीव भरून निघाली. लुईस तेथे ग्योटेचे चरित्र लिहीत होता. त्यातील उताऱ्यांच्या भाषांतरास तिचा हात लागला. बर्लिनमध्येच तिने स्पिनोझाच्या ‘नीतिशास्त्रा’चे लॅटिनमधून भाषांतर आरंभिले व फेब्रुवारी १८५६ मध्ये पुरे केले. मोबदल्यावरून लुईस व प्रकाशक ह्यांचे बिनसले आणि हस्तलिखित पडून राहिले. ते प्रथम छापले गेले १९८१ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. आणि २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने त्याची नवी आवृत्ती काढली. ‘मिडलमार्च’च्या लेखिकेने केलेले एक संपूर्ण भाषांतर सव्वाशे वर्षे कोणास हवेसे वाटले नाही, ह्याहून त्या कामाच्या पायरीचा अधिक बोलका पुरावा कोणता द्यावा?

४

१८५५ ते १८५७ ही तिच्या परीक्षणलेखनाची बहराची वर्षे होत. जर्मनीहून परतल्यावर दोघांचा संसार लेखणीवर चालावयाचा होता, शिवाय लुईसची पत्नी व मुले ह्यांचा खर्चही भागवावयाचा होता. ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्ये ललित वाङ्मयाचा त्रैमासिक आढावा ती लिही, ‘लीडर’ साप्ताहिकात छोटी परीक्षणे लिही. पोटासाठी झपाट्याने लिहिलेल्या ह्या मजकुरात चार-पाच निबंध असे आहेत की, ते वाचल्याविना तिच्या कादंबऱ्यांची जडणघडण पुरती समजत नाही.

ऑक्टोबर १८५५ मधील ‘भाषांतरे व भाषांतरकार’ हे लहानसे परीक्षण त्यांपैकी पहिले. कांटच्या एका ग्रंथाच्या व काही जर्मन भावगीतांच्या भाषांतरांवर ते लिहिलेले आहे. दोन भाषा येतात म्हणून भाषांतर येते, ह्या समजुतीचा तिने त्यात समाचार घेतला आहे. भाषांतरकाराला बुद्धीइतकेच नैतिक गुण लागतात, असे तिचे सांगणे आहे : धीर, काटेकोर निष्ठा, आणि दुसऱ्याच्या मनाचा अर्थ सांगताना वाटावयास हवी ती जबाबदारी. चांगला स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्याच्या खालची जागा ती भाषांतरकाराला निमूटपणे देते. मात्र निःसत्त्व स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्याच्या कितीतरी वर त्यास बसविते. पंक्तीची ही मांडणी आम्हास फार समंजस वाटते.

दुसरा निबंध जुलै १८५६ मधला. विल्हेल्म हाइन्रिख रील ह्या जर्मन लेखकाने खेडोपाडी पायी हिंडून शेतकऱ्यांचे व नागर वर्गांचे जीवन टिपले होते. त्याच्या दोन ग्रंथांचे हे परीक्षण. ह्यात तिने चित्रकार व कादंबरीकार ह्यांच्यावर आरोप ठेवला की, शहरात बसून रंगविलेला त्यांचा हसरा, गुटगुटीत शेतकरी कोठेच अस्तित्वात नाही. खऱ्या शेतकऱ्याची चाल मंद आहे, विनोद बोजड आहे आणि स्वार्थ सावध आहे. कलेचे सर्वांत मोठे देणे म्हणजे आपल्या सहानुभूतीचा विस्तार. आणि खोट्या माणसावर खर्चिलेली सहानुभूती वाया जाते, म्हणून सामान्य माणसाचे खोटे चित्र हा निव्वळ कलेचा दोष नसून नीतीचा दोष आहे, असा तिचा युक्तिवाद आहे. डिकन्सलाही ती येथे सोडीत नाही : माणसाचे बोलणे-चालणे तो हुबेहूब उतरवितो, परंतु अंतरंगाचे तितकेच सत्य चित्रण करीत नाही, असे ती म्हणते.

तिसरा निबंध ऑक्टोबर १८५६ मधला, बायकी कादंबऱ्यांतील बाष्कळपणावर. त्या काळच्या लोकप्रिय लेखिकांच्या कादंबऱ्यांचे जातिवार वर्गीकरण करून तिने त्यांची यथेच्छ टर उडविली आहे. सर्वगुणसंपन्न नायिका, ग्रीक-लॅटिन सहज बोलणाऱ्या उमराव-कन्या, पांढऱ्या गळपट्ट्याचे देखणे धर्मोपदेशक, हे सारे तिच्या तडाख्यात सापडले आहेत. परंतु हसता हसता ती एक गंभीर तक्रार करते. अशी पुस्तके स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांच्या हातात कोलीत देतात. आणि परीक्षक सुमार लेखिकेची ‘बाई असून’ म्हणून स्तुती करतात, हा सौजन्याचा नव्हे तर तुच्छतेचा प्रकार आहे. कामाची कसोटी स्त्रीपुरुष दोघांना एकच हवी.

ही मागणी करणारी परीक्षक स्वतः त्या कसोटीस उतरावयास तयार होती काय? सदर निबंध १२ सप्टेंबर १८५६ च्या सुमारास हातावेगळा झाला. २३ सप्टेंबरला तिने आपली पहिली कथा लिहावयास घेतली.

५

कथालेखनाची इच्छा जुनी होती. एका खेड्याचे वर्णन करणारे प्रास्ताविक प्रकरण तिने केव्हातरी लिहून ठेवले होते. बर्लिनमध्ये एका संध्याकाळी तिने ते लुईसला वाचून दाखविले. वर्णन साधले आहे, पण प्रसंग उभा करता येईल की नाही, अशी शंका त्याने बोलून दाखविली. तीच शंका तिलाही होती. पुढे टेन्बी येथे समुद्रकिनारी मुक्काम असताना एका सकाळी अर्धवट झोपेत तिला कथेचे नाव सुचले, आणि ते होते ‘पाद्री एमॉस बार्टनची दुर्दैवी कहाणी’. कथेचा नायक देखणा नाही, बुद्धिमान नाही, वक्ता तर नाहीच. मोठे कुटुंब आणि तुटपुंजे वेतन ह्यांत गांजलेला तो एक सामान्य पाद्री आहे. पांढऱ्या गळपट्ट्याच्या खोट्या नायकाला परीक्षक मेरियन इव्हान्सने दिलेले हे कथाकार जॉर्ज एलियटचे उत्तर होते. जानेवारी १८५७ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये ती निनावी छापली गेली; मोबदला आला साडेबावन्न पौंड. दोन वर्षांच्या श्ट्राउसपेक्षा हा अडीच पटींहून अधिक होता. ‘जॉर्ज एलियट’ हे नाव पुढच्या महिन्यात जन्मास आले.

‘ॲडम बीड’ (१८५९) ह्या पहिल्या मोठ्या कादंबरीत तिन्ही प्रवाह एकत्र वाहू लागतात. सतराव्या प्रकरणात ती कथा थांबवून वाचकाशी बोलते. डच चित्रकारांच्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायकांची बाजू घेते आणि कुरूप, सामान्य माणसांवरही प्रेम करता आले पाहिजे, असे सांगते. हा रीलवरील परीक्षणाचाच कादंबरीत रुजलेला कोंब होय.

त्याहून सूक्ष्म उदाहरण बेचाळिसाव्या प्रकरणात आहे. हेट्टी ह्या तरुणीवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला चालू आहे. तिच्यावर जीव टाकणारा ॲडम माडीवरच्या एका खोलीत खचून बसला आहे. न्यायालयातून बार्टल मॅसी हा वृद्ध, लंगडा, फटकळ शाळामास्तर येतो, आणि तोंडात अन्नाचा कण न घातलेल्या ॲडमला थोडी भाकरी व घोटभर द्राक्षासव घ्यावयास लावतो. त्यानंतर ॲडम उठून न्यायालयात तिच्या बाजूला उभा राहावयास निघतो. माडीवरची खोली, भाकरी, द्राक्षासव : ख्रिस्ती वाचकाला ह्यातून प्रभुभोजनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. परंतु येथे पुरोहित नाही, मंत्र नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला दुःखात खाऊ घालतो आहे, एवढेच. फॉयरबाखच्या ग्रंथाचा शेवट ज्याने वाचला आहे, त्याला हे दृश्य कोठून आले ते सांगावे लागत नाही. आणि ज्याने तो कधी वाचला नाही, त्यालाही ते तितकेच भिडते. पाच वर्षांपूर्वी जे तिने वाक्यावाक्याने भाषांतरिले होते, त्याचे हे दुसरे भाषांतर आहे. ह्या खेपेस ते जर्मनमधून इंग्रजीत नव्हे, तर तत्त्वविचारातून मनुष्याच्या कृतीत झाले आहे.

‘मिडलमार्च’मध्ये (१८७१–७२) तर भाषांतर हाच कथेतील एक पेच होऊन बसला आहे. कॅसॉबन हा म्हातारा पाद्री सर्व पुराणकथांचे मूळ उलगडणारा प्रचंड ग्रंथ लिहिण्याच्या नादात आहे. त्याच्या विद्वत्तेवर भाळून तरुण डोरोथियाने त्याच्याशी लग्न केले आहे. रोममध्ये लॅडिस्लॉ तिला सहज सांगून जातो की, कॅसॉबनला जर्मन येत नाही आणि जर्मन पंडितांनी ह्या विषयात कितीतरी मजल पुढे मारली आहे; म्हणजे त्याचे सारे श्रम फुकट आहेत. एका नवपरिणीत स्त्रीच्या आशेवर पडलेला हा घाव वाचताना श्ट्राउसची भाषांतरकर्त्री कोणाच्या लक्षात येणार नाही? कॅसॉबनला जन्मभर जे उघडता आले नाही ते दार तिने सव्विसाव्या वर्षी उघडले होते. तिला हसण्याचा अधिकार होता. परंतु ती हसत नाही; उलट कादंबरीत एके ठिकाणी मुद्दाम वळून कॅसॉबनच्या आतील भीती व एकाकीपणा ह्यांपाशी वाचकाला थांबविते. हे पात्र कोणावरून घेतले, असे विचारता तिने स्वतःकडेच बोट दाखविले, अशी आख्यायिका आहे. आपल्याला न आवडणाऱ्या मनाचेही प्रामाणिक प्रतिनिधित्व करावयाचे, ही शिस्त तिला कोठे लाभली, हे आता निराळे सांगावयास नको.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या विद्याभ्यासाचा भार तिच्या कलेला कधी कधी सोसला नाही. ‘रोमोला’साठी (१८६२–६३) तिने पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सचा इतका अभ्यास केला की, पात्रे त्या माहितीखाली दबून गेली. प्रकाशकाने तिला त्यासाठी सात हजार पौंड दिले. परंतु ही कादंबरी सुरू केली तेव्हा आपण तरुण होतो आणि संपविली तेव्हा म्हाताऱ्या झालो होतो, असे तिने पुढे म्हटल्याचे नमूद आहे. भाषांतरकाराची निष्ठा समोर मूळ ग्रंथ असताना गुण ठरते. समोर नुसती टिपणे असताना ती ओझे होऊ शकते. ‘सायलस मार्नर’ (१८६१) हा छोटा ग्रंथ ह्याच्या अगदी उलट. तेथे तत्त्वज्ञान पुरते विरघळले आहे. माणसांवरचा व देवावरचा विश्वास उडालेल्या एका कोष्ट्याला एक पोरके मूल पुन्हा माणसांत आणते, एवढीच कथा आहे. आणि फॉयरबाखच्या शेकडो पानांचा सारा आशय तिच्यात आहे.

६

२२ डिसेंबर १८८० रोजी जॉर्ज एलियट वारली. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला जागा मिळाली नाही. हायगेट येथील दफनभूमीत लुईसशेजारी ती विसावली. ॲबीतील कविकोपऱ्यात तिच्या नावाची शिला बसली ती १९८० साली.

ह्या वाटचालीतून निष्कर्ष काय काढावयाचा? भाषांतर केल्याने प्रत्येकजण कादंबरीकार होतो, असे कोणीही म्हणणार नाही. रूफा ब्रॅबंटने अर्धे टाकलेले काम पुरे करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातून ‘मिडलमार्च’ लिहून होणार नव्हते. आमचे म्हणणे इतकेच की, मेरियन इव्हान्सच्या बाबतीत भाषांतर व परीक्षण ह्या कादंबरीकडे नेणाऱ्या पायऱ्या नव्हत्या. पायऱ्या चढून झाल्यावर मागे राहतात. ह्या दोन गोष्टी शेवटपर्यंत तिच्या बरोबर राहिल्या. भाषांतराने तिला दुसऱ्याच्या मनाशी इमान राखावयास शिकविले, परीक्षणाने सामान्य माणसाविषयी खोटे न बोलण्याचा निर्धार दिला, आणि कादंबरीत तिने ही दोन्ही ऋणे फेडली.

ह्या नियतकालिकाच्या वाचकांना दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणे नवीन नाही. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, असाच आपल्यापैकी अनेकांचा दिवस जातो. आपल्या शाळांतून भाषांतराचा प्रश्न मुले गुणांसाठी सोडवितात आणि आपणही तो घाईघाईने तपासतो. ‘अर्थ आला’ म्हणून अर्धे गुण देऊन पुढे जाताना क्षणभर थांबावे, असे आम्हास वाटते. दुसऱ्याने जे म्हटले आहे ते, न वाढविता, न घटविता, आपल्या भाषेत सांगण्याची धडपड तो मुलगा करीत असतो. ही धडपड म्हणजे सभ्यतेचा पहिला धडा आहे.

आणि मास्तरांचे म्हणाल तर बार्टल मॅसीच्या रात्रशाळेचे प्रकरण प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावे. दिवसभर राबून आलेले तीन प्रौढ कामकरी बाकावर बसून अक्षरे लावीत आहेत. एकाला बायबल वाचावयाचे आहे, दुसऱ्याला रंगाऱ्याच्या धंद्यातील नव्या युक्त्या पुस्तकातून समजून घ्यावयाच्या आहेत. सर्वांवर खेकसणारा तो मास्तर ह्या तिघांपुढे मात्र विलक्षण मऊ होतो. रॉबर्ट इव्हान्सला लहानपणी शिकविणाऱ्या मास्तरांचे नावही बार्टल मॅसीच होते. वडिलांच्या तोंडून ऐकलेले हे नाव लेकीने कादंबरीत जसेच्या तसे ठेवले. स्वतःचे नाव जिने आयुष्यात एकदाच, आणि तेही एका भाषांतरावर, छापू दिले, तिने एका खेड्यातील शाळामास्तराचे नाव बदलले नाही.